तव्याचं नको

हरभरा घाट्यावर आला की सकाळी नऊच्या सुमारास आमच्या गल्लीत एक बाई डोक्यावर हिरवे डहाळे घेऊन येते. "हरबऱ्याचे डहाळे घ्याऽऽ" अशी तिची आरोळी असते. मी हिंगणघाटच्या बसस्टँडवर खिडकीआड बसून उभी हयात गाड्यांच्या घोषणा केल्या, त्यामुळे आवाजातलं मला कळतं. या बाईचा आवाज छातीतून निघतो, बराच टिकेल. मी दार उघडून दोन जुड्या घेतो आणि पायरीवर बसून घाटे तोडायला लागतो. थंडीत हरभऱ्याच्या पानांवर जो आंबट-खारट ओलावा साचतो, त्याला आमच्याकडे आंब म्हणतात. ती बोटांना लागते. बोट चाटलं की जीभ चुरचुरते आणि मागचा सगळा हिवाळा माझ्या पुढ्यात येऊन बसतो.

मागचा हिवाळा मी कच्चं खाऊन काढला. जवळजवळ कच्चं म्हणू. चहा पीत होतो, स्टँडसमोरच्या टपरीवर दिवसातून दोनदा. दही-ताक चालायचं. कुणाकडे बारसं-बिरसं असलं तर वरण-भात दोन घास खाऊन घ्यायचो, यजमानाचं मन कशाला मोडा. कागदावर लिहून भिंतीला चिकटवावेत असे नियम मी काही केले नव्हते. एकच गोष्ट पाळली. तव्याचं खाल्लं नाही. पोळी नाही, भाकर नाही, धिरडं नाही.

यंदा संक्रांतीच्या आधी, वणा नदीच्या पुलाकडे सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या मंडळीत वानखेडे गुरुजींनी मला अडवलं. गुरुजी कानटोपी घालून सगळ्यांच्या प्रकृतीची चौकशी करत फिरतात. म्हणाले, "साहेब, यंदाही आपलं ते कच्च्या आहारावर ठेवू. मागल्या वर्षी लोकाईले लय आवडलं. दोघा-तिघाईची शुगर उतरली ना बाप्पा!"

मी "पाहू" म्हणालो आणि अर्ध्या रस्त्यातून घरी परतलो. कारण मागच्या वर्षी मी त्या मंडळींसमोर जे बोललो ते खोटं होतं. मुळा खरा होता, गाजर खरं होतं, माझी साखर उतरली तीही खरी. मी कच्चं का खातो याचं कारण तेवढं खोटं होतं. आणि ते खोटं तोवर माझ्या घरातून निघून माझ्या लेकीच्या घरापर्यंत जाऊन पोचलं होतं. ते परत कसं बोलवायचं, हे मला समजत नव्हतं.

तर आता खरं सांगतो.

माझी बायको कुसुम गिरडची. तिथल्या टेकडीच्या पायथ्याशी वाढलेली, त्यामुळे तिला रानातलं काहीही दिसलं की आधी तोंडात टाकून पाहायची सवय होती. चिंचेचा कोवळा पाला, बोरं, तुरीच्या ओल्या शेंगा. अल्लीपूरला आमचं थोडं वावर, म्हणजे शेत आहे. लग्नानंतर पहिल्यांदा तिला तिकडे नेलं तर ही हरभऱ्यात उभी राहून बकरीसारखी चरायला लागली. मी धुऱ्याच्या बांधावर रुमाल अंथरून बसलेलो. म्हणाली, "तुमी बी खा ना जी, बसून काय पाहून राह्यले?" मी म्हणालो, "मले कच्चं नाई जमत. घरी नेऊन भाजून दे." तिनं पदरात घाटे भरले, घरी आणले, भाजून दिले. पुढची छत्तीस वर्षं आमचं असंच चाललं. ती उभ्यानं कच्चं खायची आणि मला बसल्या जागी गरम आणून द्यायची.

आमच्याकडे भाकर कशी वाढतात ते सांगितलं पाहिजे. भाकर तव्यावरून उतरली, जाळावर फुगली की तशीच ताटात येते. डब्यात टाकून ठेवली की तिची वाफ मरते, मग ती भाकर पुरुषाच्या ताटात वाढायची नाही, असा आमच्या घरचा रिवाज. माझ्या आईनं माझ्या बापाला तसंच वाढलं. मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर, पुढे स्टुलावर ताट. एक भाकर संपत आली की आतमध्ये आवाज द्यायचा, "आण!" की दुसरी येते. ती तिसरी थापायला लागते. शेवटची भाकर तिची, आणि ती गार. ड्युटीवर असताना मला साडेअकराला जेवण लागायचं. रिटायर झालो तरी वेळ तीच ठेवली आणि रीतही तीच. आवाज द्यायची मला सवयच होती. स्टँडवर मी बसल्या जागेवरून आवाज दिला की चारशे माणसं सामान उचलून पळायची. घरात एक बाई पळायची. यात काही वेगळं आहे असं मला कधी वाटलं नाही, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. ताटात वांग्याची भाजी होती, ठेचा होता. पहिली भाकर संपली. मी पेपर वाचत बसलो दुसरीची वाट पाहत. थोड्या वेळानं करपल्याचा वास आला. मी आवाज दिला, "अवं, करपून राह्यली!" काही उत्तर नाही. मला वाटलं मागच्या अंगणात सांभार, म्हणजे कोथिंबीर, तोडायला गेली असेल. वास वाढला. मी पुन्हा आवाज दिला, जरा चढवून. तरी नाही. मग माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "अवं, मेली का काय तिथं?"

आणि पेपरचं पान उलटलं.

धूर बाहेरच्या खोलीत येऊन डोळ्यांना झोंबायला लागला तेव्हा मी उठलो. रागानं उठलो, हेही सांगितलं पाहिजे. कुसुम ओट्याखाली भिंतीला टेकून बसली होती. पाय एका अंगाला मुडपलेले, पिठाचे हात मांडीवर. मी आधी गॅस बंद केला. मग तिच्याकडे पाहिलं.

डॉक्टर म्हणाले, "जागच्या जागी गेल्या. त्रास झाला नसेल." आल्या-गेल्या प्रत्येकाला मी हे वाक्य ऐकवलं. बोलायचं कसं हे मला चांगलं येतं, जसंच्या तसं, एकही शब्द न बदलता. तीन आवाजांबद्दल मी कुणाला बोललो नाही.

मयतीच्या घरात चूल पेटत नाही. सोयरे-शेजारी जेवण आणतात, त्याला कडू घास म्हणतात. आमच्याकडे पहिला कडू घास शेजारच्या मेश्राम वहिनींनी आणला. त्यांचं घर आणि आमचं घर, मधे एकच भिंत. इकडे वाटी पडली तर तिकडे ऐकू जाते. त्यांनी माझ्यासमोर ताट ठेवलं आणि म्हणाल्या, "दोन घास खा भाऊ. पोट्टी तुमच्याकडंच पाहून राह्यली." लेक वैशाली खरंच पाहत होती. मी खाल्लं. पण माझं लक्ष वहिनींच्या तोंडाकडे होतं. यांनी त्या दिवशी ऐकलं असेल का? दुपारचे बारा व्हायचे होते, गल्ली शांत होती, आणि माझा आवाज काही लहान नाही. त्यांनी तेव्हाही काही दाखवलं नाही आणि अजूनही दाखवत नाहीत. दिवसाआड ताकाचा गडू घेऊन येतात.

तेरवी झाली, माणसं गेली. वैशाली वर्ध्याला पंचायत समितीत नोकरीला आहे. म्हणाली, "बाबा, चला माझ्याकडे." मी नाही म्हणालो. मग तिनं डब्याची सोय लावून दिली. पहिल्याच दिवशी डबा उघडला तर वरच्या पोळीवर मधोमध काळा डाग. एवढासा, बोटाच्या पेराएवढा. कुठल्याही पोळीवर असतो. मला घास उचलवेना. डबा तसाच बंद केला. पोटात कावळे ओरडत होते, तेव्हा घरात शोधायला लागलो. शेंगदाणे सापडले, ते भिजत घातले. पेरू होते. पोह्यांचा डबा होता, त्यात तेल-तिखट-मीठ कालवलं, कांदा फोडून टाकला. आपल्याकडचा कच्चा चिवडा तो, कुणालाही येतो. दोन दिवस असेच गेले.

तिसऱ्या दिवशी वैशालीचा फोन आला. "बाबा, डबेवाल्या बाई म्हणून राह्यल्या, तुमी डबा परत करता. काऊन?"

"तव्याचं नको वाटते बाई."

"मग खाऊन काय राह्यले?"

"कच्चंच. पेरू, दाणे, मुळा."

मग एकदम तिचा आवाज हलका झाला. "म्हंजे निसर्गोपचार? अरे वा बाबा! आमच्या ऑफिसात पण दोघं-तिघं करून राह्यले."

"हाव," मी म्हणालो.

आईला जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता आणि माझ्या पोरीचा आवाज पहिल्यांदा हलका झाला होता. मी दुसरं काय बोलणार होतो?

त्या 'हाव'च्या मागोमाग हिवाळा आला. आमच्या जिल्ह्यात उन्हाळ्यात कच्चं खायचं म्हटलं तर माणूस माती खाईल, पण हिवाळ्यात काही कमी नाही. मार्गशीर्ष लागला की बाजार हिरवा होऊन जातो. पांढरा मुळा, तोडताना नाकात चढतो. लाल गाजरं, मातीसकट. पातीचा कांदा. तळेगावकडची संत्री, सोलताना डोळ्यांत उडणारी. आवळे, पहिल्यांदा तोंड वाकडं करायला लावून मग पाण्याचा घोटसुद्धा गोड करणारे. ओल्या हळदीचे तुकडे लिंबात. तुरीच्या शेंगांतले दाणे, सोलता सोलता निम्मे तोंडात जातात. आणि घोळाणा. हरभऱ्याचा कोवळा शेंडा बारीक चिरायचा, कांदा, हिरवी मिरची, मीठ, दाण्याचा कूट, वरून कच्चं तेल, की झाला. कुसुम करायची. मी त्यातलं चमचाभर तोंडी लावायला घ्यायचो, ती वाटीभर खायची. आता मी वाटीभर खातो. तिच्या हाताचं मीठ मात्र मला अजून साधत नाही.

सुरुवातीला पोटानं बंड केलं. दाण्यांनी गच्च व्हायचं, मुळ्यानं काय व्हायचं ते विचारू नका, मेश्राम वहिनींनी भिंतीपलीकडून तेही ऐकलं असेल. पंधरा दिवसांनी निवळलं. दातांना काम लागलं. माणूस शिजलेलं गिळतो, कच्चं चावावं लागतं, आणि चावता चावता विचार येतात. कुसुम आयुष्यभर अशीच जेवली, हे मला तेव्हा कळलं. भाजी चिरताना गाजराचा तुकडा, मेथी निवडताना दोन पानं, कूट करताना मूठभर दाणे. माझं गरम ताट होईपर्यंत तिचं अर्धं जेवण कच्चंच व्हायचं. मी तिला चेष्टेनं 'सशीण' म्हणायचो. ती भुकेली असायची म्हणून खायची, हे काही माझ्या डोक्यात शिरलं नाही. पहाटे उठलेली बाई दीड वाजता गार भाकरीला हात लावायची. तोपर्यंत तिनं काय करायचं होतं?

रविवारी मी अल्लीपूरला जायचो. वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानं करणारा रामदास धुऱ्यावर माझ्यासाठी पोतं अंथरायचा. मी पोत्यावर बसायचो नाही. हरभऱ्यात उभा राहून खायचो. रामदास हसायचा. "साहेब, बाई आठवल्या जी मले. त्या बी अशाच उभ्यानं खात." मी मान हलवायचो. पायाशी पानांचा ओलावा चपलेत शिरायचा, पायाला भेगा होत्या त्या चरचरायच्या. दूरवर कुणीतरी काडीकचरा पेटवलेला असायचा. त्या धुराचा वास आला की मी दुसऱ्या बांधाला निघून जायचो.

वासाचं सांगायचं राहिलं. घरात रोज साडेअकराच्या सुमारास करपल्याचा वास येतो. गॅस बंद, सिलिंडरचं बटनसुद्धा फिरवलेलं, तवा मी स्वतः माळ्यावर टाकलेला. तरी येतो. ज्वारी जळाल्याचा, आधी गोडसर आणि मग कडू. मला भुता-खेतांवर विश्वास नाही, कधी नव्हता. कुसुम येते असं मी म्हणत नाही. आली तर बरंच होईल, तिच्या पाया पडेन. पण तेही होत नाही, नुसता वास येतो. आणि वास आला की मी उठतो. हातातलं टाकून, लगेच, चपलाही न घालता. आत जातो. ओटा थंड. तिथे पाच मिनिटं उभा राहतो आणि परत येतो. ती जिवंत असताना एकदाही उठलो नाही, आता रोज उठतो. याला काय म्हणावं? मी तर स्वतःला गाढव म्हणतो.

पौषात गुरुजींनी मला बोलायला उभं केलं. पुलाजवळच्या वडाखाली तीस-चाळीस माणसं, स्वेटर-मफलर घालून. मी बोललो. माझा आवाज माइकशिवाय पोचतो. वर्ध्याच्या मातीला असले प्रयोग नवे नाहीत, साधं खावं, जिभेचे लाड करू नयेत, जाळ जेवढा कमी तेवढं शरीर निर्मळ, असं काय काय बोललो. कुणीतरी विचारलं, "साहेब, ही प्रेरणा कुठून भेटली?" मी म्हणालो, "पत्नीच्या निधनानंतर जीवनाकडे नव्यानं पाहायला लागलो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका म्हाताऱ्यानं माझा हात धरून डोळे पुसले. घरी येऊन मी न्हाणीघरात गेलो आणि सगळं सकाळचं खाल्लेलं ओकलो. संत्र्याच्या फोडी तशाच्या तशा पडल्या.

वैशाली रोज संध्याकाळी विचारायची, "बाबा, आज काय खाल्लं?" मी सांगायचो, ती लिहून घ्यायची. मग तिनं स्वतः सुरू केलं. सोमवारी आणि गुरुवारी तिच्या घरी तवा चढेनासा झाला. नातेवाइकांच्या ग्रुपवर ती माझ्या मुळा-गाजराच्या ताटांचे फोटो टाकायची. मोबाईलवर वाचायला मला चष्मा लागतो, पण एक वाक्य बिनचष्म्यानं दिसलं. 'आई गेल्यावर बाबा ज्या हिमतीनं उभे राहिले, त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.' खाली चौतीस जणांचे जोडलेले हात.

मधे उन्हाळा, पावसाळा कसाबसा काकडी-कैरीवर, भिजवलेल्या मुगावर आणि मेश्राम वहिनींच्या ताकावर निघाला. वहिनी एकदा एवढंच म्हणाल्या, "भाऊ, कच्चं खा, नाई नाई म्हणत. पन घरात कधी जाळ तं लावा. घर थंड पडते." मी हसून टाळलं. वर्षश्राद्ध वैशालीनं तिच्याच घरी केलं. आणि हरभरा पुन्हा घाट्यावर आला.

यंदा संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी वैशाली आली. एकटीच आली, तिळगूळ घेऊन. अंगानं उतरलेली दिसत होती, गालफाडं वर आलेली. मी विचारलं तर म्हणाली, "आता मी आठवड्यातले चार दिवस कच्चंच खातो बाबा. डोकं जरासं फिरते, पन होईल सवय. तुमाले झाली ना?" कुसुमचं कपाळ हिला आलं आहे. त्या कपाळावर घाम होता, भर थंडीत. आम्ही पायरीवर उन्हात बसून घाटे सोलत होतो. मधे पितळेची वाटी. मला वाटलं, आता नाही बोललो तर हे खोटं हिला खाईल.

"वैशू, मी निसर्गोपचार नाई करून राह्यलो," मी म्हणालो. "कधीच नाई केला."

मग सगळं सांगितलं. मी घोषणा करायचो तसं सरळ, वाटेतली गावं न गाळता. ताट, पहिली भाकर, पेपर, वास. ती सोलत होती.

"किती डाव आवाज देल्ला?"

"तीन डाव."

"तिसऱ्या डावाले काय म्हटलं?"

मी वाटीतले दाणे चाळवत राहिलो.

"बाबा, काय म्हटलं?"

मी सांगितलं. जसंच्या तसं, एकही शब्द न बदलता.

तिचा हात थांबला नाही. पुढ्यातली सगळी जुडी तिनं सोलून संपवली, एकही दाणा तोंडात न टाकता. टरफलं गोळा केली, उठून गल्लीतल्या गाईला टाकून आली. मग माझ्यासमोर उभी राहिली. "मी वर्षभर लोकाईले सांगत राह्यली, माझे बाबा कसे सावरले म्हणून. तुमी मले सांगू देल्लं." तिचा आवाज फुटला. "आईले 'मेली का' म्हटलं तुमी? तिनं ऐकलं असन तं?"

हाच प्रश्न. वर्षभर मी त्याच्याभोवती फिरत होतो, त्याला हात लावायची माझी छाती झाली नव्हती. तिनं तो पायरीवर आणून ठेवला.

मला वाटलं ती रडेल, मग मी रडेन, मग काहीतरी मोकळं होईल. तसं काही झालं नाही. तिनं पर्स उचलली. तीनच्या गाडीनं जाते म्हणाली. मी स्टँडवर पोचवायला निघालो तर "तुमी नका येऊ" म्हणाली. सँडलचा पट्टा लावताना, माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "भाकर करपून बाहेरच्या खोलीत वास यायले किती वेळ लागते जी?"

"मले काय मालूम बाई. मी कधी टाकली?"

"मलेबी नाई मालूम," ती म्हणाली. "मी कधी करपूच नाई देल्ली."

ती गेली. त्या संध्याकाळी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही.

मी विचार करत बसलो. भाकर तव्यावर पडल्यापासून वास यायला फार वेळ लागत असेल, तर मी पहिला आवाज दिला तेव्हा कुसुम केव्हाच गेलेली होती. डॉक्टर म्हणाले ते खरं, तिनं काही ऐकलं नाही. पण झटकन करपत असेल, तर ती तेव्हा नुकतीच खाली बसली असणार. श्वास चालू असणार. तिनं पहिला आवाज ऐकला असेल, दुसरा ऐकला असेल, आणि तिसराही. मी उठलो असतो तर... या 'तर'पुढे मला जाता येत नाही. पण वेळ मोजता येते. वेळ मोजण्यात माझं आयुष्य गेलं. कोणती गाडी किती मिनिटं उशिरा, हे मी झोपेतही सांगायचो.

तिसऱ्या दिवशी मी चक्कीवर जाऊन ज्वारीचं पीठ आणलं. स्टूल घेऊन माळ्यावरून तवा काढला, धूळ पुसली. सिलिंडरचं बटन फिरवलं. लायटर दाबला तसा जाळ भप्पकन पेटला आणि मी दोन पावलं मागे सरलो. पाणी गरम केलं. पिठात ओतलं, बोटं भाजली. पहिली भाकर थापतानाच फाटली. दुसरी हातात उचलता उचलता दोन तुकडे झाली. तिसरी परातीलाच चिकटली. भिंतीपलीकडे भांड्यांचा आवाज थांबला होता, वहिनी ऐकत असाव्यात. माझ्या कपाळावर पीठ, शर्टावर पीठ. कुसुम बघती तर पोट धरून हसली असती. "राहू द्या जी, व्हा बाजूले," म्हणाली असती. असं कुणी म्हणेल म्हणून मी खरंच क्षणभर थांबलो.

चौथी कशीबशी तव्यावर पडली. नकाशातल्या जिल्ह्यासारखी, कडा वाकड्यातिकड्या. वरून पाण्याचा हात फिरवला, तिला तसं करताना मी कधीतरी पाहिलं असणार. घड्याळात पाहिलं. आता ती उलटवायची नव्हती. तशीच ठेवून बाहेर जायचं, खुर्चीवर बसायचं, वास यायची वाट पाहायची आणि वेळ लिहून घ्यायची, असं ठरवलेलं होतं. कागद-पेन स्टुलावर ठेवलं होतं.

मी बाहेर आलो. खुर्चीवर बसलो. पेपर मांडीवर घेतला, त्या दिवशी होतं तसं सगळं असावं म्हणून. आत शांत होतं. तव्यावर पाणी सुकतानाचा बारीक आवाज येत होता, तोही थांबला. मी नाकानं श्वास घेत बसलो. वास नव्हता. पिठाची नुसती ऊब येत होती, जेवणाआधी यायची तशी. माझे गुडघे दुखतात, उठताना मला दोन्ही हातांनी खुर्चीचा आधार घ्यावा लागतो. तो मी कधी घेतला, पेपर कधी खाली पडला, काही आठवत नाही. मी ओट्यापाशी उभा होतो आणि माझी बोटं तव्यावरच्या भाकरीखाली होती.

उलटवताना ती अर्ध्यात मोडली. खालची बाजू पांढरी होती, दोन-तीन ठिकाणी फक्त पिवळी. कुठेही काळी नव्हती. मी दोन्ही तुकडे शेकले, जाळावर धरले. फुगले नाहीत. तिथेच उभ्यानं, मिठासोबत खाल्ले, आणि खाताना मोठ्यानं रडलो. भिंतीपलीकडे जायचं ते गेलं.

वास यायला किती वेळ लागतो, ते मला कळलं नाही. वास यायच्या आधी उठता येतं, एवढं कळलं.